डाळिंबाच्या सालीचा अर्क आणि निरोगी वार्धक्य: सूक्ष्म कृमींवरील प्राथमिक चाचणीवर किती विसंबावे?

भगवा_साल (प्रश्न)

नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातील एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात मी वनस्पतिजन्य औषधांचा विषय शिकवते. डाळिंबाचे दाणे सोलून विकणारे आणि रस काढणारे छोटे उद्योग आमच्या भागात आहेत आणि त्यांच्याकडे हंगामात सालीचे ढीग साचतात. ही साल वाळवून तिचा अर्क काढावा आणि निरोगी वार्धक्याच्या दृष्टीने त्याची प्राथमिक चाचणी करावी, असा विषय एम.फार्म.च्या दोन विद्यार्थिनींना द्यायचा माझा विचार आहे.

अडचण अशी की आमच्याकडे प्राणिगृह नाही. ते असते तरी उंदराचे आयुर्मान मोजायला अडीच-तीन वर्षे लागतात आणि प्रबंधासाठी विद्यार्थिनींच्या हातात जेमतेम एक वर्ष असते. म्हणून सी. एलिगन्स या सूत्रकृमीवर चाचणी करावी असे सुचवले गेले आहे. खर्च कमी, जागा कमी, उंदीर मारावे लागत नाहीत आणि अर्कही चिमूटभर पुरतो, हे मला पटते. परंतु पुढील शंका मनात आहेत.

एक मिलिमीटर लांबीच्या कृमीचे आयुष्य वाढले, यावरून माणसाच्या वार्धक्याबद्दल नेमके काय म्हणता येते? वनस्पतींच्या अर्कांवर या पद्धतीचे शेकडो निबंध दिसतात आणि जवळजवळ प्रत्येक अर्क आयुष्य वाढवतोच, हे पाहून मला आनंदापेक्षा संशय अधिक वाटतो. तो संशय योग्य आहे का? आणि डाळिंबाच्या सालीसोबत सह्याद्रीतल्या काही रानवनस्पतीही याच चाळणीतून काढाव्यात का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

एक_मिलिमीटर

मॅडम, नमस्कार. मी बेंगळुरूला याच कृमीवर काम करतो, त्यामुळे थोडे लांबण लागेल, ते गोड मानून घ्यावे.

आपला संशय योग्य आहे. तरीही ही पद्धत टाकून देण्यासारखी नाही. आधी तिची बाजू मांडतो. सिडनी ब्रेनर यांनी १९६०च्या दशकात केंब्रिजमध्ये हा कृमी निवडला आणि १९७४ मध्ये त्याच्या आनुवंशिकीवरचा मूळ निबंध प्रसिद्ध केला. प्रौढ उभयलिंगी कृमीच्या शरीरात ९५९ कायिक पेशी आणि त्यांपैकी ३०२ चेतापेशी असतात. शरीर पारदर्शक असल्यामुळे आतले सारे जिवंतपणी दिसते. २० अंश सेल्सिअसला अंड्यापासून प्रौढ होण्यास सुमारे तीन दिवस लागतात, एक कृमी स्वफलनाने तीनशेच्या आसपास पिल्ले देतो आणि दोन-तीन आठवड्यांत म्हातारा होऊन मरतो. १९९३ मध्ये सिंथिया केन्यन यांच्या गटाने दाखवून दिले की डॅफ-२ या एकाच जनुकातील बदलाने त्याचे आयुष्य दुपटीहून अधिक होते, मात्र त्यासाठी डॅफ-१६ हे दुसरे जनुक शाबूत असावे लागते. पुढे डॅफ-२ म्हणजे आपल्या इन्सुलिनच्या ग्राहीचा भाऊबंद आहे, हे सिद्ध झाले. कृमीवरून माणसाकडे पाहण्याचा आधार हाच आहे: पेशी ताण कसा सोसतात, बिघडलेली प्रथिने आणि तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया) कशा निकाली काढतात, याची मूलभूत यंत्रणा दोघांत बरीच सामाईक आहे. हृदय, रक्तवाहिन्या, हाडे, यकृत आणि आपल्यासारखी प्रतिकारयंत्रणा मात्र कृमीला नाही. म्हणजे वार्धक्यातील आपल्या निम्म्या तक्रारी ज्या अवयवांच्या असतात, ते अवयवच त्याच्याकडे नाहीत.

आता संशयाकडे वळतो. अर्क दिल्यावर कृमी अधिक जगला तर त्याची अगदी साधी, आणि बहुतेक निबंधांत न तपासलेली, कारणे दोन असतात. पहिले म्हणजे उपासमार. अर्क कडू किंवा तुरट असेल तर कृमी जिवाणूंच्या थरापासून दूर सरकतात, कमी खातात आणि कमी खाल्ल्याने अधिक जगतात. दुसरे म्हणजे जिवाणू. प्लेटवर कृमीचे अन्न म्हणून आपण ई. कोलायचा ओपी५० हा वाण पसरतो. तो निरुपद्रवी मानला जात असला तरी म्हाताऱ्या कृमीच्या घशात आणि आतड्यात साचतो आणि कृमीचा मृत्यू लवकर ओढवतो. त्यामुळे जे जे जिवाणूंची वाढ रोखते, ते ते कृमीचे आयुष्य वाढवू शकते. डाळिंबाच्या सालीतील प्युनिकॅलॅजिनसारखी टॅनिन (तुरट द्रव्ये) जिवाणूरोधक म्हणून प्रसिद्धच आहेत. तेव्हा आपल्या अर्काने आयुष्य वाढले तर मी पहिला प्रश्न हाच विचारीन की अर्काने कृमी तरुण ठेवला की फक्त ओपी५०ला आवर घातला.

हा काही किरकोळ आक्षेप नाही. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाचे उदाहरण पाहा. ते कृमीचे आयुष्य वाढवते हे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. २०१३ मध्ये दिसून आले की त्यातला मोठा वाटा जिवाणूंच्या फोलेट (एक ब जीवनसत्त्व) चयापचयात होणाऱ्या बदलाचा आहे, आणि जिवाणूच नसताना तेच औषध कृमीचे आयुष्य उलट कमी करते. शुद्ध, एकाच रेणूच्या औषधाची ही गत, तर शेकडो रेणूंच्या अर्काबद्दल किती सावध राहावे लागेल याची कल्पना करावी.

म्हणून माझा सल्ला असा की आयुर्मान मोजण्याआधी चार-पाच दिवसांच्या स्वस्त चाचण्या कराव्यात. अर्काच्या निरनिराळ्या प्रमाणांत ओपी५० किती वाढतो ते गढूळपणावरून मोजावे. अर्क दिलेले कृमी तीन दिवसांत नेहमीच्या आकाराचे होतात का, त्यांची पिल्ले कमी किंवा उशिरा होतात का, आणि घशाचे आकुंचन मिनिटाला किती होते, हे पाहावे. तरुण कृमीत ते दोनशेच्या वर असते आणि चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली हातातल्या मोजणीयंत्राने मोजता येते. ज्या प्रमाणात कृमी खुजे राहतात आणि पिल्ले घटतात, ते प्रमाण तिथेच बाद करावे. एवढे केल्याने आयुर्मानाच्या निम्म्याहून अधिक चाचण्या कराव्याच लागत नाहीत, असा माझा अनुभव आहे, आणि शाश्वततेच्या गप्पांत ही बचत कोणी धरत नाही.

अर्कशोधक

मी निवृत्त रसायनशास्त्रज्ञ आहे. नैसर्गिक संयुगे वेगळी करण्यात नोकरी गेली. कृमींबद्दल वरील सदस्यांनी लिहिले आहेच, मी सालीबद्दल लिहितो, कारण चाचणी कितीही चोख केली तरी बाटलीत काय आहे हेच माहीत नसेल तर उत्तराला किंमत उरत नाही.

मॅडम, आपल्या भागातील भगवा या डाळिंबाच्या वाणावर तेल्या या जिवाणूजन्य रोगासाठी ताम्रयुक्त बुरशीनाशके आणि स्ट्रेप्टोसायक्लिनसारखी प्रतिजैविके फवारतात, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत असेल. फळाचा गर त्यातून बराचसा सुटतो, साल सुटत नाही. आता वरचा जिवाणूंचा मुद्दा याला जोडून पाहा: प्रतिजैविकाचा अंश ओपी५०ला रोखणार आणि तांब्याचा अंश कृमीची ताणप्रतिसादाची जनुके जागी करणार. निबंधात मात्र छापून येणार की डाळिंबाच्या सालीने ताणसहनशक्ती वाढवली. अबामेक्टिन हे कीटकनाशक फवारलेले असेल तर प्रकरण आणखी विचित्र होते, कारण ते सूत्रकृमींनाच मारते आणि आपण म्हणाल की साल विषारी आहे. म्हणून साल गोळा करताना फवारणीची नोंद ठेवणारा बागायतदार गाठावा, शक्य असल्यास न फवारलेल्या झाडांची साल तुलनेसाठी वेगळी ठेवावी आणि दोन्ही अर्कांतील तांबे मोजून घ्यावे. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या सोलापुरातच आहे, तिथे वाण आणि फवारण्या यांबद्दल विचारणे सहज शक्य आहे.

दुसरी गोष्ट द्रावकाची. सवयीने आपण हेक्झेन, क्लोरोफॉर्म, मिथेनॉल अशी ओळीने सारी द्रावके वापरतो. इथे त्याची गरज नाही. सालीतील टॅनिन पाणी आणि इथेनॉल यांच्या मिश्रणात उत्तम उतरतात, इथेनॉल ऊर्ध्वपातनाने परत मिळवता येते आणि शेवटच्या अर्कात क्लोरोफॉर्मचा अंश राहील ही धास्तीही राहत नाही. कृमीच्या प्लेटमध्ये अर्क मिसळताना डीएमएसओ हे द्रावक वापरावे लागले तर ते एक टक्क्याच्या आत ठेवावे आणि नियंत्रण गटालाही (अर्क न दिलेल्या कृमींनाही) तेवढेच द्यावे, कारण डीएमएसओचा स्वतःचा परिणाम कृमीच्या आयुष्यावर होतो.

तिसरी गोष्ट, मात्रेचा हिशेब. विद्यार्थिनींकडून तो आधी कागदावर करून घ्यावा, कारण या पद्धतीचा खरा फायदा त्यातच दिसतो. डाळिंबातील टॅनिनांपासून मिळणाऱ्या इलॅजिक आम्लाचे १०० मायक्रोमोलर द्रावण घ्या. सहा सेंटिमीटरच्या प्लेटमध्ये दहा मिलिलिटर अगर (जिवाणू वाढवण्याचे जेलीसारखे माध्यम) धरला तर सुमारे ०.३ मिलिग्रॅम लागते, आणि ९६ खाचांच्या पाटीत एका खाचेला १५० मायक्रोलिटर धरले तर सुमारे ४.५ मायक्रोग्रॅम. तीस ग्रॅमच्या उंदराला किलोमागे १०० मिलिग्रॅम या हिशेबाने रोज ३ मिलिग्रॅम द्यावे लागतील, म्हणजे ८०० दिवसांत एका उंदरामागे अडीच ग्रॅमच्या आसपास. शंभर उंदरांना पाव किलो. पाव किलो शुद्ध संयुग मिळवायला किती साल, किती द्रावक आणि किती वीज लागेल ते आपणच ताडा. सालीच्या बाबतीत कच्चा माल फुकट आहे म्हणून ठीक, पण तेच एखाद्या दुर्मिळ मुळीचे असते तर?

आणि एक विनंती. प्रत्येक खेपेच्या अर्काचा एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजण्याची पद्धत) आलेख काढून ठेवावा आणि प्युनिकॅलॅजिन व इलॅजिक आम्ल यांचे प्रमाण लिहावे. जूनमधील साल आणि डिसेंबरमधील साल एक नसते.

डॉक्टर_मिरज

थोडक्यात लिहितो. रुग्ण मला हळदीच्या आणि द्राक्षबियांच्या गोळ्या दाखवून विचारतात, त्यामुळे या विषयाशी रोज गाठ पडते. अमेरिकेत राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या कार्यक्रमाखाली तीन ठिकाणी एकाच वेळी, एकाच आराखड्याने उंदरांवर आयुर्मानाच्या चाचण्या होतात. कृमींत आयुष्य वाढवणारी म्हणून गाजलेली द्राक्षांतील रेस्व्हेराट्रॉल आणि हळदीतील करक्युमिन, तसेच हिरव्या चहाचा अर्क, यांपैकी कशानेही त्या चाचण्यांत उंदरांचे आयुष्य वाढले नाही. याउलट रॅपामायसिन या औषधाने वाढले, तेही म्हाताऱ्या उंदरांना सुरू करून. तो निबंध २००९चा. रॅपामायसिनही निसर्गातूनच आले आहे, ईस्टर बेटाच्या मातीतील जिवाणूंपासून. तेव्हा नैसर्गिक असणे हा गुणही नाही आणि दोषही नाही.

मॅडमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की कृमीत नापास झालेला अर्क पुढे नेण्याचे कारण सहसा उरत नाही, आणि पास झालेला अर्क फक्त पुढच्या परीक्षेला बसण्यास पात्र ठरतो. प्रबंधाच्या शीर्षकात ‘दीर्घायुष्यकारक’ हा शब्द येऊ देऊ नये, कारण तेच पान उद्या एखाद्या बाटलीच्या जाहिरातीत चिकटवले जाते.

भगवा_साल

सर्वांचे मनापासून आभार. तांब्याचा मुद्दा माझ्या ध्यानीमनी नव्हता. दोन बागायतदारांकडे फवारणीच्या नोंदवह्या आहेत, त्यांच्याकडूनच साल घेऊ.

एक_मिलिमीटर सर, आणखी काही विचारते. डाळिंबापासून युरोलिथिन ए हे संयुग तयार होते आणि ते कृमींचे आयुष्य वाढवते, असे वाचले होते आणि विषयाची कल्पना मुळात त्यावरूनच सुचली. मग सालीच्या अर्काने तोच परिणाम दिसावा अशी अपेक्षा धरावी का? ओपी५०चा गोंधळ टाळण्यासाठी मेलेले जिवाणू द्यावेत का? आणि पिल्ले होऊ नयेत म्हणून एफयूडीआर हे रसायन वापरतात, ते आमच्यासारख्या महाविद्यालयात योग्य आहे का? आमच्याकडे २० अंशांवर चालणारे एक बीओडी इनक्युबेटर (तापमान स्थिर राखणारी पेटी) आहे, परंतु उन्हाळ्यात वीज जाते.

एक_मिलिमीटर

मॅडम, युरोलिथिनपासून सुरुवात करतो, कारण तिथे एक गंमत आहे जी आपल्या प्रबंधाची दिशाच ठरवेल.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात कृमींना युरोलिथिन ए हे तयार संयुग दिले होते आणि आयुर्मान सुमारे ४५ टक्क्यांनी वाढले. निकामी तंतुकणिका पेशीतून काढून टाकण्याची प्रक्रिया त्याने वेगवान होते, अशी कारणमीमांसा त्यांनी दिली. त्याच निबंधात इलॅजिक आम्लाने मात्र आयुष्य वाढले नाही. कारण उघड आहे: डाळिंबातील टॅनिनांपासून इलॅजिक आम्ल आणि त्यापासून युरोलिथिन बनवण्याचे काम आपल्या मोठ्या आतड्यातील विशिष्ट जिवाणू करतात. प्लेटवरील ओपी५०कडे ते कसब नाही. माणसांतही ते सर्वांना साधत नाही. ज्यांच्या आतड्यात ते जिवाणू नाहीत, त्यांनी कितीही डाळिंबे खाल्ली तरी युरोलिथिन फारसे बनत नाही. तेव्हा सालीच्या अर्काने कृमीत जो काही परिणाम दिसेल, तो युरोलिथिनच्या नावावर टाकता येणार नाही. हवे असल्यास तयार युरोलिथिन ए विकत आणून तुलनेसाठी एक गट ठेवावा. पद्धत नीट चालते आहे की नाही, हे त्या गटावरून कळेल.

आणि त्या संयुगाचा पुढचा प्रवासही विद्यार्थिनींना दाखवण्यासारखा आहे. २०२२ मध्ये ६५ ते ९० वयाच्या ६६ व्यक्तींवर चार महिन्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. सहा मिनिटांत चालून जाण्याचे अंतर हा तिचा एक मुख्य निकष होता. त्यात युरोलिथिन आणि नकली गोळी यांत लक्षणीय फरक पडला नाही. हाताच्या आणि पायाच्या स्नायूंची दमसास टिकवण्याची क्षमता मात्र सुधारलेली दिसली. कृमीतील ४५ टक्के माणसापर्यंत येताना असे आटतात, आणि हे यशस्वी म्हणावे असे उदाहरण आहे.

मेलेले जिवाणू द्यावेत, पण जिवंत जिवाणूंच्या जोडीने. मेलेल्या जिवाणूंवर वाढलेले कृमी मुळातच अधिक जगतात, म्हणून अर्क नसलेला नियंत्रण गटही त्याच अन्नावर ठेवावा लागतो. अतिनील किरणांनी मारलेले जिवाणू मला सोयीचे वाटतात. थर मेला आहे याची खात्री करण्यासाठी त्यातला ठिपका नव्या माध्यमावर रेघून रात्रभर ३७ अंशांवर ठेवावा. अर्काचा परिणाम दोन्ही अन्नांवर टिकला तर तो कृमीवरचा आहे असे मानायला जागा आहे. केवळ जिवंत जिवाणूंवर दिसला तर आपल्या हाती जिवाणूरोधक अर्क लागला आहे, आणि तसे लिहायला काहीच हरकत नाही.

एफयूडीआरबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. ते डीएनएची जुळणी थांबवते म्हणून अंडी उबत नाहीत आणि काम सोपे होते, हे खरे. परंतु ते कर्करोगावरील औषधांच्या वर्गातले आहे, त्याच्या प्लेटांची विल्हेवाट घातक कचरा म्हणून लावावी लागते, आणि काही वाणांत ते स्वतःच आयुष्य बदलते. पद्धत ‘शाश्वत’ म्हणून तिचे कौतुक करायचे आणि मागच्या दाराने घातक कचरा काढायचा, हे शोभत नाही. त्याऐवजी तापमान वाढवताच वंध्य होणारे वाण वापरता येतात, किंवा सरळ अंडी घालण्याच्या पहिल्या पाच-सहा दिवसांत कृमी रोज नव्या प्लेटवर हलवावेत. कष्ट आहेत, पण विद्यार्थिनींचा हात त्यातूनच बसतो. काचेच्या नळीच्या टोकाला बसवलेली प्लॅटिनमची तार ज्योतीवर तापवायची, थंड होऊ द्यायची, टोकाला जिवाणूंचा चिकट ठिपका घ्यायचा आणि तो कृमीच्या पाठीला अलगद टेकवून त्याला उचलायचे. तार जरा जोरात टेकली की अगरला खाच पडते, त्या खाचेतून कृमी आत शिरतो आणि मोजणीतून जातो. हा सराव झाल्याशिवाय अर्काची प्लेट हातात देऊ नये.

मोजणीचे नियम आधी लिहून ठेवावेत. तारेने डोक्याला हलका स्पर्श केल्यावरही जो हलत नाही, तो मृत. जो प्लेटच्या भिंतीवर चढून वाळला, ज्याच्या पोटातच पिल्ले उबली किंवा ज्याचे आतडे बाहेर आले, तो मृत म्हणून धरायचा नाही. त्या दिवसापर्यंत जगला एवढीच नोंद ठेवून त्याला मोजणीतून वगळायचे. प्रत्येक गटात शंभराच्या आसपास कृमी, चाचणी किमान तीनदा नव्याने, आणि प्लेटवर काय आहे हे मोजणारीला माहीत नसावे. दोन विद्यार्थिनी आहेत हे उत्तमच झाले. एकीने संकेतांक घालावेत आणि दुसरीने मोजावे.

हे नियम अतिरेकी वाटतील म्हणून सांगतो. अमेरिकेतील तीन प्रयोगशाळांनी एकत्र येऊन दहा संयुगे कृमींच्या तीन जातींच्या २२ वाणांवर तपासली आणि निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. त्याआधी त्यांना केवळ पद्धत एकसारखी करण्यात बराच काळ घालवावा लागला. वयाचा पहिला दिवस कोणता धरायचा, इथपासून मतभेद होते. शेवटी एका वाणात चालणारे संयुग दुसऱ्या वाणात चालत नाही असेच बहुतेक वेळा आढळले, आणि थायोफ्लेविन टी हे मूळचे रंगद्रव्य सर्वांत भरवशाचे ठरले. आपणही प्रयोगशाळांतील नेहमीच्या एन२ वाणासोबत रानातून गोळा केलेला एखादा निराळा वाण घेतला तर निष्कर्षाला वजन येईल.

विजेचे मात्र मनावर घ्या. सोलापूरचा एप्रिल-मे लक्षात घेता हीच आपली सर्वांत मोठी अडचण आहे. तापमान सत्तावीस-अठ्ठावीसच्या पुढे गेले की एन२ची पिल्ले थांबतात, २५ अंशांना आयुष्य आटते, आणि उलट थोड्या वेळाचा सौम्य उष्णतेचा झटका बसला तर ते वाढूही शकते. म्हणजे दुपारी इनक्युबेटर बंद पडला आणि एकच कप्पा अधिक तापला, तर अर्काविनाच ‘परिणाम’ मिळेल. आयुर्मानाच्या चाचण्या नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात घ्याव्यात, तापमान नोंदवणारे छोटे यंत्र आत ठेवावे आणि नियंत्रण गटाच्या व अर्काच्या प्लेटा एकाच कप्प्यात मिसळून रचाव्यात. पावसाळ्यात प्लेटांवर बुरशी येते, तेव्हा ते महिने अर्क तयार करणे, एचपीएलसी आणि जिवाणूंच्या चाचण्या यांसाठी ठेवावेत.

केवळ आयुर्मानावर थांबू नये, हेही सुचवतो. डॅफ-२चे दीर्घायुषी कृमी वाढीव आयुष्याचा मोठा भाग अशक्त अवस्थेत काढतात, असा एक निबंध २०१५ मध्ये आला आणि त्यावर वादही झाला. वाद बाजूला ठेवला तरी म्हाताऱ्या कृमीची हालचाल मोजल्याशिवाय ‘निरोगी’ हे विशेषण लावता येत नाही. प्रौढावस्थेच्या पाचव्या आणि दहाव्या दिवशी द्रवाच्या थेंबात सोडून अर्ध्या मिनिटात कृमी किती वेळा अंग वळवतो हे मोबाइलवर चित्रित करावे. सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेवर मोबाइल बसवण्याची पट्टी स्वस्तात मिळते आणि चित्रण जपून ठेवल्यामुळे दुसरा कोणीही पुन्हा मोजू शकतो.

सह्यवल्ली

रानवनस्पतींच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही म्हणून लिहिते. मी कोल्हापूरची, वनस्पतिशास्त्र शिकवते.

मॅडम, कृमींची चाचणी स्वस्त आणि जलद आहे, हाच तिच्यातला धोकाही आहे. शंभर अर्क तपासणे सोपे झाले की शंभर वनस्पती ओरबाडणेही सोपे होते. आपल्या सह्याद्रीतला नरक्या आठवा. त्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन आहे, हे १९७०च्या दशकात कळले. या संयुगापासून कर्करोगावरील औषधे बनतात. रसायन मौल्यवान ठरले आणि झाड संकटात आले. चोरट्या तोडीत झाडे मुळासकट गेली, आणि आज पश्चिम घाटातील अनेक जागी मोठा नरक्या शोधावा लागतो. चाचणी प्रयोगशाळेत कितीही अहिंसक असली तरी यशस्वी निकालाचा भार रानावर पडतो, आणि तो भार कोण उचलणार हे आधी ठरवलेले नसते. पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीतून मिळणाऱ्या टॅक्सॉलच्या बाबतीत हा प्रश्न युरोपीय यूच्या पानांतील संयुगापासून अर्धसंश्लेषण करून सोडवला गेला, कारण पाने पुन्हा येतात आणि साल सोललेले झाड मरते. नरक्याच्या नशिबी तसे वेळेवर काही आले नाही.

म्हणून मी म्हणेन की पहिल्या वर्षी रानाकडे वळूच नये. शेतीतून आणि प्रक्रियेतून उरणारे जे आहे, म्हणजे डाळिंबाची साल, द्राक्षाच्या बिया, आंब्याच्या कोयी, काजूच्या बोंडांचा चोथा, तेवढ्यावरही दोन-तीन प्रबंध सहज होतील. रानातले घ्यायचेच असेल तर पाने किंवा गळालेली फळे घ्यावीत, मुळे आणि साल नको. नमुन्याची ओळख पटवून वनस्पतिसंग्रहात तो जमा करावा. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात ही सोय आहे. जैवविविधता कायदा २००२चा आहे आणि त्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आहे. अर्क परदेशी सहकाऱ्याकडे पाठवायचा असेल किंवा पेटंटचा विचार असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया पूर्ण करावी लागते, व्यापारी उपयोग असेल तर नागपूरच्या राज्य मंडळाशीही संबंध येतो. हे प्रबंध लिहून झाल्यावर आठवण्याचे काम नाही.

भगवा_साल

सह्यवल्ली मॅडम, आपले म्हणणे मान्य आहे. रानवनस्पतींचा भाग विषयातून काढून टाकते आणि त्याऐवजी द्राक्षाच्या बियांचा अर्क तुलनेसाठी घेते, कारण तोही आमच्याच जिल्ह्यात मिळेल. विषयाचे शीर्षकही बदलले आहे. ‘दीर्घायुष्य’ गेले आणि ‘जिवाणूरोधक परिणाम वेगळा काढून केलेली प्राथमिक चाचणी’ आले.

एक_मिलिमीटर सर, शेवटची शंका. कृमीचे वाण अमेरिकेतील संग्रहातून मागवावेत की भारतातच मिळतील? आणि ते उन्हाळाभर सांभाळायचे कसे?

एक_मिलिमीटर

भारतातच मिळतील. मिनेसोटा विद्यापीठातील संग्रहातून मागवता येतात, पण आयातीच्या कागदपत्रांत आपला हंगाम निघून जाईल. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि बेंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेत या कृमीवर काम करणारे गट आहेत, लखनौच्या सीमॅप या संस्थेत तर औषधी वनस्पती आणि हाच कृमी यांवर बरेच काम झाले आहे. महाविद्यालयाच्या पत्रावर रीतसर विनंती करावी. एन२ची छोटी प्लेट लिफाफ्यातून पाठवता येते, कारण अन्न संपले की पिल्ले डॉअर नावाच्या तग धरणाऱ्या अवस्थेत जातात आणि काही आठवडे तशी राहू शकतात. सोबत ओपी५०चाही वाण मागून घ्यावा.

उन्हाळ्यासाठी कृमी जिवंत सांभाळत बसू नये. भरपूर उपाशी पिल्ले असलेल्या प्लेटा धुऊन, ग्लिसरॉल मिसळून, उणे ८० अंशांच्या शीतपेटीत छोट्या कुप्या गोठवाव्यात. ती पेटी महाविद्यालयात नसेल तर जवळच्या विद्यापीठात एक कप्पा मागावा. गोठवताना कुप्या जाड थर्मोकोलच्या पेटीत ठेवाव्यात, म्हणजे तापमान हळूहळू उतरते. एकदम उतरले तर फार थोडे कृमी वाचतात. दुसऱ्या दिवशी एक कुपी वितळवून त्यातून जिवंत पिल्ले निघतात याची खात्री करून घ्यावी, आणि मगच चालू प्लेटा टाकाव्यात. ऑक्टोबरमध्ये पुन्हा वितळवल्यावर निदान दोन पिढ्या भरपेट अन्नावर वाढू द्याव्यात, कारण उपासमारीतून आलेल्या कृमींवर लगेच आयुर्मानाची चाचणी लावली तर आकडे हलतात.

द्राक्षबियांच्या अर्कासाठीही ओपी५०ची वाढ आधी मोजा. त्यातही टॅनिन भरपूर असतात.